अर्ध्या पिक्सेलची भाऊबंदकी: नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

साहित्य

संगणकाच्या पडद्यावर हव्या त्या जागी एक ठिपका काढता यावा, एवढ्याच माफक हेतूने ही मार्गदर्शिका तयार केली आहे. लागणारे साहित्य असे: चालू स्थितीतला एक संगणक, चौकटींची वही, टोक केलेली शिसपेन्सिल, मोठा खोडरबर आणि घरात जमिनीच्या मोजणीवरून चाललेला एखादा जुना वाद. शेवटची वस्तू दुकानात मिळत नाही, पण महाराष्ट्रात ती अगदीच कुणाकडे नाही असे सहसा होत नाही. स्वतःची नसेल तर मामाची चालेल.

लागणारा वेळ: ठिपका काढायला एक मिनिट. तो ठिपका नेमका कुठे पडला, हे ठरवायला संगणकवाल्यांना काही दशके लागली आणि अजूनही सगळ्यांचे एकमत नाही. तेव्हा घाई करू नये.

पायरी शून्य: मोजायला शिका

पायऱ्या शून्यापासून मोजल्या आहेत, ही छपाईची चूक नव्हे. ६४० रकान्यांच्या पडद्यावर पहिल्या रकान्याचा क्रमांक ० आणि शेवटच्याचा ६३९ असतो. हे अंगवळणी पडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ज्यांनी कॉम्प्युटर ग्राफिक्सची प्रॅक्टिकल्स केली, त्यांना हा धडा आपोआप मिळाला. डॉसच्या जमान्यातले ते सॉफ्टवेअर बोरलँडने कधीच सोडून दिले, पण डॉस म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या मुलांनी ते डॉसबॉक्समध्ये घालून पुढे कित्येक वर्षे चालवले. इनिटग्राफ लिहायचे, त्यात बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यायचा, पत्त्यातली तिरकी रेघ दोनदा द्यायला विसरायचे, शेजारच्या मुलीचे बघून दुरुस्त करायचे आणि मग गेटमॅक्सएक्सला विचारायचे की पडदा कुठवर आहे. उत्तर येते ६३९. गेटमॅक्सवायचे उत्तर ४७९. तरीही उत्साही विद्यार्थी रेघ ६४० पर्यंत ओढतोच. शेवटचा बिंदू पडद्याबाहेर पडतो. तो विद्यार्थ्याला दिसत नाही, एक्सटर्नललाही दिसत नाही, आणि जर्नलवर सही होते.

कधीकधी मात्र एक्सटर्नल जागरूक निघतात.

“पडद्याचा मध्यबिंदू सांगा.”

“३१९, २३९, सर.”

“कसा काढला?”

“मॅक्स भागिले दोन, सर.”

“बरं. मग त्याच्या डावीकडे रकाने किती?”

“३१९, सर.”

“आणि उजवीकडे?”

“... ३२०, सर.”

“मग हा मध्य कसा?”

एक्सटर्नल चांगल्या मनाचे असतील तर नेमका इथे चहा येतो. नसतील तर विद्यार्थी ३२०, २४० सांगून पाहतो आणि आता डावी बाजू एकाने भारी होते. ६४० ही सम संख्या आहे, तिला मधला रकाना नाही. मध्य आहे, पण तो रकाना क्रमांक ३१९ आणि ३२० यांच्या मधल्या रेषेवर आहे आणि तिथे पिक्सेल राहत नाही. ही गोष्ट वहीत लिहून तिच्याभोवती चौकट करा. पुढे सगळे तिच्यावरच चालणार आहे.

पायरी एक: शाळेत शिकलेले उलटे करा

नववीच्या निर्देशक भूमितीत आरंभबिंदूपासून वर गेले की वाय वाढतो. पडद्यावर खाली गेले की वाढतो. याचे कारण गणितात शोधू नका, भंगारवाल्याकडे शोधा. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनांचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघे, उजवीकडे जाई, परत येऊन खालच्या ओळीला लागे. मेमरीतले आकडे त्याच क्रमाने बाहेर पडायचे, म्हणून शून्य क्रमांकाचा मान वरच्या डाव्या कोपऱ्याला मिळाला. नळ्या भंगारात गेल्या, मान राहिला.

अर्थात सगळ्यांनी तो मानला असता तर मार्गदर्शिकेची गरजच पडली नसती. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ ही कागदाची माणसे, ती शाळेतल्यासारखी खालच्या डाव्या कोपऱ्यातून मोजतात. ओपनजीएलचेही तेच. विंडोजच्या बीएमपी फायलीत ओळी बहुधा खालून वर साठवलेल्या असतात, त्यामुळे स्वतः प्रोग्रॅम लिहून आयुष्यातले पहिले बीएमपी उघडणाऱ्याला पहिले चित्र डोके खाली, पाय वर असेच दिसते. ॲपलने मॅकवर खालचा कोपरा धरला आणि आयफोनवर वरचा, म्हणजे एकाच घरात दोन पंचांगे.

चित्र उलटे आले तर घाबरू नका. उंचीतून वाय वजा करा, झाले. आणखी एक वजा करायचा की नाही, अशी शंका तुमच्या मनात आली असेल तर तुम्ही पुढच्या पायरीला पात्र आहात. आली नसेल तर चित्राची सगळ्यात वरची किंवा खालची ओळ गायब झाली की येईल.

पायरी दीड: गट वेगळा, बांध वेगळा

आता मामाचा वाद बाहेर काढा. समजा, एका ओळीत आठ गट आहेत. गटांना क्रमांक आहेत: ० ते ७. त्यांच्या हद्दी मोजा. दोन्ही टोकांचे धरून बांध नऊ भरतात: ० ते ८. गट क्रमांक ३ म्हणजे एक जमिनीचा तुकडा, त्याला रुंदी आहे, त्यात ऊस लावता येतो. मोजणीची साखळी जिथे ३ दाखवते तो एक बांध, त्यावर काहीच लावता येत नाही, फक्त भांडता येते. दोघांवरही आकडा ३ च लिहिलेला असतो, आणि सगळे प्रकरण तिथूनच कोर्टात जाते.

पिक्सेलला क्रमांक असतो. निर्देशक म्हणजे अंतर. १९२० रकान्यांच्या पडद्यावर पिक्सेलांचे क्रमांक ० ते १९१९, पण डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंतचे अंतर ० ते १९२०. शून्य क्रमांकाचा पिक्सेल ० या बांधापासून १ या बांधापर्यंत पसरलेला असतो. तो शून्यावर नसतो, त्याचा मध्य ०.५ वर असतो.

पॉल हेकबर्ट यांनी १९९० साली ‘ग्राफिक्स जेम्स’ या ग्रंथात नेमक्या याच प्रश्नावर एक छोटे टिपण लिहिले: पिक्सेलचे निर्देशक कोणते? त्यांचा तोडगा असा की, अंतरावरून क्रमांक हवा असेल तर अपूर्णांक टाकून द्या, आणि क्रमांकावरून मध्याचे अंतर हवे असेल तर अर्धा मिळवा. ३.७ हे अंतर कोणत्या गटात पडते? तिसऱ्या. तिसऱ्या गटाचा मध्य कुठे? साडेतीनवर. अख्खे शास्त्र एवढेच आहे. इथून पुढची मार्गदर्शिका ते न पाळणाऱ्यांविषयी आहे.

मघाची शंकाही इथेच मिटते. ४८० ओळींचे चित्र उलटे करताना हातात अंतर असेल तर ते ४८० मधून वजा करायचे, क्रमांक असेल तर ४७९ मधून. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त तुमच्या हातात काय आहे ते तुम्हाला माहीत हवे. बहुतेकांना नसते. मग प्रोग्रॅम चालेपर्यंत कुठे एक मिळवून, कुठे एक वजा करून पाहिले जाते. या पद्धतीला व्यवसायात अनुभव म्हणतात.

प्रयोग. वेब ब्राउझरच्या कॅनव्हासवर, एक्स बरोबर १० या ठिकाणी, एक पिक्सेल जाडीची काळी उभी रेघ ओढा. निरीक्षण: रेघ दोन पिक्सेल जाडीची आणि करडी निघते. पडद्यावर फुंकर मारू नका, धूळ नाही. तुम्ही रेघ बांधावर आखली आहे. तिची जाडी दोन्हीकडे निम्मी-निम्मी जाते, म्हणजे ९.५ पासून १०.५ पर्यंत. त्यात नवव्या रकान्याचा अर्धा भाग आला आणि दहाव्याचा अर्धा. ब्राउझर न्यायी असल्यामुळे त्याने काळा रंग दोघांना अर्धा-अर्धा वाटून दिला. आता १०.५ वर रेघ ओढा. काळीकुट्ट आणि एकच पिक्सेल. नवशिक्या हे पाहून आनंदतो आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये जिथे तिथे ०.५ मिळवत सुटतो. मग कुणीतरी रेघेची जाडी दोन करा म्हणते. आता साडेदहावरची रेघ पुसट होते आणि दहावरची ठसठशीत. रंगाने भरलेल्या चौकोनाला तर अर्धा मिळवायचाच नसतो, कारण त्याच्या कडा बांधावरच असायला हव्यात.

यात नवशिक्याला फार दोष देऊ नये. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट थ्री-डी ९ मध्ये पडद्यावरच्या पिक्सेलचा मध्य पूर्णांकावर मानलेला होता, आणि त्यावर चिकटवायच्या चित्रातल्या पिक्सेलचा मध्य मात्र अर्ध्यावर. परिणाम: चित्र तंतोतंत त्याच मापात लावले तरी धुरकट. गेम लिहिणाऱ्या एका पिढीने सगळीकडून अर्धा वजा करायची सवय लावून घेतली. मग दहाव्या आवृत्तीने पडद्याचा मध्यही अर्ध्यावर नेला, आणि ज्यांनी मोठ्या कष्टाने सवय लावली होती त्यांचीच चित्रे आता धुरकट दिसू लागली. गाव नमुन्याचा फॉर्म बदलला की जुन्या नोंदी चुकीच्या ठरतात, तसलाच प्रकार.

पायरी दोन: बांधावरचे झाड कोणाचे

संगणकातली बहुतेक चित्रे, विशेषतः खेळांतली, त्रिकोणांची बनलेली असतात. चेहरा त्रिकोणांचा, डोंगर त्रिकोणांचा, खलनायकाची मिशीसुद्धा. कोणता पिक्सेल त्रिकोणात येतो हे ठरवताना त्या पिक्सेलचा मध्य आत आहे का, एवढे पाहतात. इथपर्यंत ठीक. पण शेजारच्या दोन त्रिकोणांची सामाईक बाजू नेमकी पिक्सेलच्या मध्यावरून गेली तर?

दोघांनीही तो रंगवला तर काच, धूर, पाणी अशा पारदर्शक वस्तूंवर शिवण उमटते, कारण तेवढ्या पट्टीवर दोन हात बसतात. दोघांनीही सोडला तर फट पडते आणि खलनायकाच्या गालातून मागचे आकाश दिसते. गावात अशा वेळी पंच बसतात, मोजणीदार येतो, निशाण्या होतात, रात्रीतून त्या हलतात आणि पुढच्या पिढीला वकील लागतो. ग्राफिक्स कार्डाला तेवढा वेळ नसतो. त्यामुळे तिथे नियम असा ठरला आहे: वरचा बांध आणि डावा बांध तुझा, खालचा आणि उजवा तुझ्या शेजाऱ्याचा. यात कुणावर अन्याय नाही, कारण प्रत्येकाला एकच नियम लागू. तुझा उजवा बांध हाच शेजाऱ्याचा डावा, म्हणून तो त्याचा. प्रत्येक बांधाला बरोबर एक मालक मिळतो, एकही बेवारस राहत नाही आणि एकावरही दोन नावे चढत नाहीत. असे कोट्यवधी वाद कार्ड एका सेकंदात निकाली काढते, तारीख न देता. महसूल खात्याने अभ्यास दौरा काढायला हरकत नाही.

डावे टोक आत आणि उजवे बाहेर, हा विचार एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये, मोजणी शून्यापासून का करावी हे सांगताना मांडला होता. विंडोजची रेघ काढणारी जुनी आज्ञाही शेवटचा पिक्सेल मुद्दाम सोडते, कारण पुढची रेघ तिथूनच सुरू होईल असे ती धरून चालते. पुढची रेघ नसली तर तुमची रेघ एका पिक्सेलने आखूड राहते. तक्रार करू नका, तुम्हीच शेजारी आणला नाहीत.

पायरी अडीच: गट नाहीतच, असे म्हणणारे

गट आणि बांध नीट समजले असतील तर आता ही पायरी वाचावी. समजले नसतील तर टाळावी, कारण इथे सातबाराच फाडला जातो.

पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक, अल्वी रे स्मिथ, यांनी १९९५ साली मायक्रोसॉफ्टमध्ये असताना एक टिपण लिहिले. पिक्सेल म्हणजे छोटा चौकोन नव्हे, हे वाक्य त्याच्या शीर्षकात सलग तीन वेळा आहे, यावरून त्यांची मनःस्थिती कळावी. त्यांचे म्हणणे, पिक्सेल हा तुकडाच नाही. तो एका बिंदूपाशी घेतलेला नमुना आहे आणि बिंदूला लांबी-रुंदी नसते. आपल्याला दिसते ते त्या नमुन्यांवरून पडद्याने पुन्हा उभे केलेले चित्र. खूप मोठे करून पाहिले की दिसणारे चौकोन हा मोठे करून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आळस आहे, चित्राचा स्वभाव नव्हे.

गंमत अशी की, चौकोनाचा पायंडा पाडणाऱ्यांचेही शेवटी मन वळले. रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला, १७६ बाय १७६ चौकोनांचा. २०१० साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यांनीच वेगवेगळ्या आकारांच्या पिक्सेलांचा पर्याय मांडला. तोवर जगाने चौकोन विकत घेऊन झाले होते.

मार्गदर्शिकेचे मत विचाराल तर स्मिथ यांचे बरोबर आहे, आणि तरीही चौकटींची वही फेकू नका. फोटो लहान-मोठा करायचा असेल, धार गुळगुळीत करायची असेल, तर पिक्सेलला बिंदूच समजावे, चौकोन धरून बसलात तर चित्र बिघडते. खिडकीची चौकट किंवा बटण काढायचे असेल तर चौकोन धरावा, तिथे बिंदूचे तत्त्वज्ञान कामाचे नाही. आणि दोन्ही बाजूंना एकत्र खजील करायचे असेल तर लॅपटॉपच्या पडद्यावर भिंग धरा. साध्या एलसीडीवर एका पिक्सेलच्या जागी लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या दिसतात. म्हणजे पिक्सेलचा लाल भाग त्याच्या मध्यापासून एक तृतीयांश पिक्सेल बाजूला असतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरटाइपने याच पट्ट्यांचा फायदा घेऊन अक्षरे रेखीव केली. अर्ध्याचा वाद मिटत नव्हता, तिथे एक तृतीयांश आला.

पायरी तीन: मोठे करा, लहान करा, हरवा

१०० रकान्यांचे चित्र ५० रकान्यांचे करायचे आहे. नवशिक्या म्हणतो, सोपे आहे, क्रमांकाला दोनने गुणा: नव्या शून्यासाठी जुना शून्य, नव्या एकासाठी जुना दोन. चित्र लहान होते, आणि जुन्या चित्राच्या अर्ध्या पिक्सेलएवढे एका बाजूला सरकते. कारण नवा शून्य हा जुन्या शून्य आणि एक या दोन गटांचा मिळून झालेला गट आहे आणि त्याचा मध्य त्या दोघांच्या बांधावर येतो. योग्य रीत: आधी अर्धा मिळवा, मग गुणा, मग अर्धा वजा करा. शून्याचे उत्तर येते ०.५, म्हणजे जुन्या शून्य आणि एक यांच्या बरोबर मध्ये.

ही चूक नवशिक्यांचीच असते असे नाही. गूगलच्या टेन्सरफ्लो या एआयच्या साधनात चित्राचे माप बदलण्याची जुनी रीत हा अर्धा विसरत असे. दुसऱ्या आवृत्तीत ते सुधारले. पायटॉर्चमध्ये त्यासाठी वेगळा खटकाच आहे: कोपरे कोपऱ्यांना जुळवायचे की नाही. तो खटका कशासाठी आहे हे न कळताच बहुतेक जण कुणाच्या तरी प्रोग्रॅममधून तो उचलतात.

आणि आता खरी जमीन. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने रडार वापरून पृथ्वीच्या बऱ्याच भागाची उंची मोजली. ती माहिती एक अंश रुंद आणि एक अंश उंच तुकड्यांत मिळते, दर विकलेला एक नोंद. एका अंशात विकला ३६००, म्हणून एका ओळीत नोंदी किती? ३६०१. इथे प्रत्येक नोंद गटाची नसून बांधावरच्या खुंटीची आहे, आणि दोन्ही टोकांच्या खुंट्या धरल्या आहेत. शेवटची खुंटी शेजारच्या तुकड्यातही पहिली म्हणून येते. उपग्रह-नकाशांच्या जिओटिफ फायलीत तर यासाठी स्वतंत्र रकानाच आहे: १ लिहिले तर पिक्सेल म्हणजे क्षेत्र, २ लिहिले तर बिंदू. तो चुकीचा भरला की सगळा नकाशा अर्ध्या पिक्सेलने सरकतो. एक विकला म्हणजे जमिनीवर साधारण ३० मीटर, अर्धा म्हणजे १५. सपाटीवर कुणाला कळणारही नाही. सह्याद्रीच्या कड्यावर १५ मीटर पुढे सरकलात तर कड्यावर राहत नाही.

अडचणी आणि उपाय

रेघ करडी दिसते: ०.५ मिळवा. तरी करडी: मिळवलेले काढून आणखी ०.५ वजा करा. याने काही वेगळे होणार नाही, पण खात्री पटेल. चित्र उलटे: वाय उंचीतून वजा करा. एक ओळ गायब: क्रमांक आणि अंतर यांची अदलाबदल झाली आहे, पायरी दीड पुन्हा वाचा. आयफोनवर सगळे चारपट लहान: २०१० च्या आयफोन ४ मध्ये ६४० बाय ९६० पिक्सेल होते, पण निर्देशक जुन्या फोनचेच, ३२० बाय ४८० ठेवले होते. एका एककात चार पिक्सेल मावतात, तुम्ही पिक्सेल मोजलेत. आयफोन ६ प्लसवर तर चित्र आधी १२४२ बाय २२०८ मध्ये काढले जाई आणि मग १०८० बाय १९२० च्या पडद्यात दाबून बसवले जाई. तिथे तुमचा पिक्सेल कुठे गेला हे विचारूच नका.

सगळे उपाय करूनही तुमच्या संगणकावर रेघ काळी आणि ग्राहकाच्या लॅपटॉपवर करडी दिसत असेल, तर ग्राहकाला डिस्प्ले सेटिंग उघडायला सांगा. तिथे १२५ टक्के असेल. म्हणजे तुमचे साडेदहा त्याच्या पडद्यावर १३.१२५ वर पडतात आणि एक पिक्सेलची जाडी सव्वा पिक्सेल होते. गटही नाही, बांधही नाही, बांधाच्या थोडे पलीकडे. ग्राहकाला १०० टक्के करायला सांगा. तो म्हणेल, अक्षरे बारीक दिसतात. चष्म्याचा नंबर विचारा आणि बिल पाठवा.